पॅच तयार असतो, फोनपर्यंत येत नाही!

कासा किंवा तलासरीच्या बाजारात फोन घेताना गिऱ्हाईक कॅमेरा, बॅटरी आणि ‘रॅम किती’ हे विचारते. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे सहसा कुणी विचारत नाही आणि दुकानदारही आपणहून सांगत नाही. ते सांगणे सक्तीचे हवे, असे माझे मत आहे. का, ते कळण्यासाठी रॅममधल्याच एका जुन्या दोषाची गोष्ट पाहू.

‘रेस कंडिशन’ म्हणजे काय?

समजा, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत खाडाखोड करायला मनाई आहे. कुणाला काही लिहायचेच असेल तर लिपिक त्या पानाची झेरॉक्स काढून त्यावर लिहितो, मूळ पान तसेच राहते. फोनच्या यंत्रणेचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीबाबत हेच करतो. एकच फाइल अनेक अ‍ॅप वाचत असतील तर सगळ्यांना एकच प्रत पुरते. लिहायची वेळ आली की मगच वेगळी प्रत. याला ‘कॉपी ऑन राइट’ म्हणतात. रॅम वाचते.

आता लिपिकाने झेरॉक्स काढली, ‘प्रत काढून झाली’ अशी मनाशी खूण केली आणि पेन आणायला वळला. तेवढ्यात दुसऱ्याने ती झेरॉक्स फेकून दिली. लिपिक परतला, पान शोधले, हाती लागले ते मूळ पान. प्रत तर काढून झालीय, मग पुन्हा कशाला तपासायचे? त्याने त्यावरच लिहिले. कोणते काम आधी उरकते यावर निकाल ठरतो, म्हणून ही शर्यत. एरवी हे क्वचितच घडेल; पण हल्ला करणारे अ‍ॅप हाच प्रयत्न न थकता हजारो वेळा करू शकते.

नऊ वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही?

लिनक्स कर्नलमध्ये नेमका हाच दोष होता. नाव ‘डर्टी काऊ’. २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून तो होता, उघड झाला ऑक्टोबर २०१६ मध्ये. गंमत म्हणजे खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी अकरा वर्षे आधी तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर अडचण आल्याने ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. तेव्हा ही शर्यत कागदावरचीच वाटत होती. पुढे ती घडवून आणणे सोपे झाले. अखेरचा पॅच जेमतेम डझनभर ओळींचा. ‘प्रत काढली होती’ ही खूण वेगळी ठेवायची आणि लिहिण्याआधी ती प्रत खरोखर हातात आहे का, ते पाहायचे.

तेवढ्यावर भागले नाही. त्या दुरुस्तीतलीच एक पळवाट २०१७ मध्ये सापडली. २०२३ मध्ये ‘स्टॅकरॉट’ नावाचा मेमरीतलाच आणखी एक दोष निघाला. सरळ कुलूप का लावत नाहीत? लावतात. पण आठ कोअरच्या प्रोसेसरमध्ये सगळ्यांना एकाच कुलपापाशी रांगेत उभे केले तर फोन रखडतो. म्हणून कुलपे बारीक करत जातात, आणि बारीक कुलपांत चुकायला जागा जास्त.

मग फोनचा संबंध काय?

अँड्रॉइड लिनक्सवरच उभे आहे. गुगलने २०१६ संपायच्या आत डर्टी काऊचा पॅच दिला. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रोने ‘झेडनियू’ हे याच दोषावर चालणारे मालवेअर शोधले. बाराशेहून अधिक बनावट अ‍ॅपमध्ये ते दडले होते आणि बाधित फोन सर्वाधिक चीन व भारतात होते. दुरुस्ती होऊन वर्ष होत आले होते! गुगलकडून चिप बनवणारा, तिथून फोन कंपनी, मग आपण, अशी ही साखळी आहे. स्वस्त फोनवर ती मध्येच तुटते. आपल्याकडे मोठ्या भावाचा फोन धाकट्याकडे जातो आणि त्याच फोनवर बँकेचे ओटीपी येतात.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अपडेट कधीपर्यंत मिळतील ते ग्राहकाला सांगणे कंपन्यांना बंधनकारक आहे. आपल्याकडे एमआरपीसारखीच ही तारीखही खोक्यावर छापायला लावावी. कंपन्यांना यात खर्च शाईचाच.

तोवर सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ किंवा ‘सुरक्षा’ उघडून अँड्रॉइड सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. ती दोन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एपीके फाइल मुळीच टाकू नका, आणि बँकेचे अ‍ॅप घरातल्या दुसऱ्या, नव्या फोनवर ठेवा.