मोटेचा सोंदूर आणि डॉक्टरांचे मनगट



तुमच्या घरात मोट हाकलेले एखादे म्हातारे माणूस असेल, तर आजचे हे पान त्यांना वाचून दाखवा. त्यांना ते इंजिनिअरच्या आधी कळेल. मोटेला दोर दोन. जाड नाडा वरच्या चाकावरून आणि बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून. विहिरीत कोणी उतरलेले नसे. तरी नाड्याने मोट वर यायची, सोंदुराने सोंड दुमडून धरली जायची आणि पाणी नेमके थारोळ्यात पडायचे. सोंदुराची लांबी हातभर चुकली, की निम्मे पाणी परत विहिरीत.

पोटाच्या ऑपरेशनासाठी जो रोबोट निघाला आहे, त्याचे मनगट याच युक्तीवर चालते.

असे मनगट लागले कशाला, ते आधी पाहू. पित्ताशयातले खडे काढायला पूर्वी बरगडीखाली मोठी चीर घेत, आणि माणूस कित्येक आठवडे ओझे उचलण्यातून बाद होई. मग दुर्बिणीचे ऑपरेशन आले. बोट जाईल न जाईल अशी तीन-चार भोके, आणि त्यांतून लांब दांड्यांची हत्यारे. भारतात या रीतीने पित्ताशय पहिल्यांदा काढले ते १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी. २०२३ साली ते गेले. ज्याचे पोट हातावर आहे त्यालाच या ऑपरेशनाची गरज सर्वांत जास्त, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे ते पटायला वेळ लागू नये. मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ काढणीला आली आहे आणि घरची बाई अंथरुणावर आहे, म्हणजे काय, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे!

पण या भोकाने डॉक्टरांचे मनगट काढून घेतले. भोकातून घातलेली दांडी म्हणजे पहारच. हात उजवीकडे नेला की आतले टोक डावीकडे जाते. दांडी आत-बाहेर सरकते, फिरते, कलते, पण टोकाशी वाकत नाही. मनगटाला दोन्ही बाजूंनी फळ्या बांधून वाकळीला एक टाका घालून पाहा, म्हणजे अडचण कळेल.

म्हणून टोकाशी सांधा बसवायचा. अमेरिकेत ‘दा विंची’ नावाच्या यंत्राला २००० साली परवानगी मिळाली. त्याचे नेहमीचे हत्यार ८ मिलिमीटर जाडीचे, ज्वारीच्या धाटापेक्षाही बारीक. त्याच्या टोकाला इवल्या कप्प्या आणि त्यांवरून टंगस्टनच्या तारांचे बारीक दोर. दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून एक दोर इकडे वाकवायला, तर दुसरा परत आणायला. डॉक्टर बाजूला बसून बोटे हलवतात आणि मोटारी दोर ओढतात. मनगट वाकले की चिमट्याच्या दोरांची वाट बदलते आणि चिमटा आपोआप उघडू पाहतो. सोंदुराचा तोच जुना घोटाळा! इथे तो हिशेब संगणक क्षणाक्षणाला जुळवतो.

मग सांधा आणखी लहान का करत नाहीत? कप्पी निम्मी केली, तर तेवढ्याच जोरासाठी दोरावर ताण दुप्पट येतो. दोरही निम्म्या जाडीचा घ्यावा लागतो, आणि त्याचे बळ मात्र चौथाईवर येते. शिवाय आखूड वळणावर तार लवकर झिजते. सायकलच्या ब्रेकची तार कुठे तुटते ते आठवा. ५ मिलिमीटरच्या काही हत्यारांत कप्प्यांऐवजी सापासारखे मणके ओवले. पण त्याला वळायला जास्त जागा लागते, बैलगाडीसारखी. झिजेच्या भीतीने हत्यार ठराविक वेळा वापरले, की यंत्रच ते पुढे घेत नाही. महागाईचे एक कारण हेच. आपल्याकडे गुरुग्राममध्ये तयार झालेला ‘मंत्रा’ हा रोबोट २०२२ पासून बाजारात आहे. त्यामुळे किंमत उतरावी अशी आशा आहे.

आता तुमच्या कामाचे. सोलापूर-पुण्याच्या दवाखान्यात कोणी ‘रोबोटने करू’ म्हणाले, तर दबून जाऊ नका आणि भुलूही नका. रोबोट आपल्या मनाने काही कापत नाही, हात डॉक्टरांचाच. ओटीपोटात खोल, अडचणीच्या जागी बारीक टाके घालायचे असतील, जसे प्रोस्टेटच्या कर्करोगात, तिथे हे मनगट कामाला येते. साध्या पित्ताच्या खड्यांना नेहमीचे दुर्बिणीचे ऑपरेशन बहुधा पुरते, आणि त्यासाठी जनावर विकून रोबोटचे पैसे भरावेत असे आम्हांला वाटत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: आत टाके घालायचे आहेत का? ही ऑपरेशने तुम्ही किती केलीत? खर्चात फरक किती? महात्मा फुले योजनेत काय बसते, ते योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

खडे असलेल्या बाईला ताप-थंडी भरली किंवा डोळे पिवळे दिसले, तर मात्र काढणी उरकायची वाट पाहू नका. त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या.