प्रमुखपणाचा दाखला कोणी द्यावा?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहणे मुळीच अवघड नाही. जन्मसिद्ध नागरिकत्व, वयाची पस्तिशी आणि चौदा वर्षांचे वास्तव्य एवढ्याच अटी संविधान घालते, आणि ५,००० डॉलर जमा किंवा खर्च झाले की संघीय निवडणूक आयोगाकडे नोंद करावी लागते. त्यामुळे २०१६ व २०२० या दोन्ही खेपांना आयोगाच्या दप्तरी हजाराहून अधिक नावे जमा झाली होती. न्यू हॅम्पशरसारख्या राज्यात १,००० डॉलर शुल्क भरले की प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या, मतपत्रिकेवरही नाव झळकते. या गर्दीतून दहा-वीस जणांना ‘प्रमुख उमेदवार’ म्हणून वेगळे काढले जाते, आणि ही चाळणी पहिले मत पडण्याच्या कितीतरी आधी लागते. ती लावण्याचा अधिकार कोणाला असावा आणि कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक नसून लोकशाहीच्या गाभ्याचा आहे.

कायद्याने ‘प्रमुख’ हा शब्द एका ठिकाणी थेट वापरला आहे, पण तो सुरक्षेच्या संदर्भात. जून १९६८ मध्ये लॉस एंजेलिस येथे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाल्यानंतर ‘प्रमुख’ उमेदवारांना सीक्रेट सर्व्हिसचे संरक्षण देण्याची तरतूद झाली. आज हा निर्णय गृहसुरक्षा खात्याचे मंत्री एका सल्लागार समितीशी विचारविनिमय करून घेतात; समितीत प्रतिनिधिगृहाचे सभापती व अल्पमतातील नेते, सिनेटमधील दोन्ही पक्षांचे नेते आणि या चौघांनी निवडलेला पाचवा सदस्य असतो. प्रस्थापित पक्षांच्या नेत्यांनीच कोण प्रमुख हे सुचवावे, अशी ही रचना आहे. ज्यांच्या हत्येतून ही तरतूद जन्मली त्यांचेच पुत्र रॉबर्ट केनेडी (कनिष्ठ) आधी डेमोक्रॅटिक प्रायमरीत आणि नंतर अपक्ष म्हणून उभे असताना त्यांना वारंवार नकार मिळाला, आणि संरक्षण मिळाले ते जुलै २०२४ मध्ये ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाल्यानंतर.

दुसरी कसोटी पैशाची आहे. १९७४ च्या सुधारणेनंतर प्रायमरीतील उमेदवाराला सरकारी पूरक निधी हवा असल्यास त्याने किमान २० राज्यांत प्रत्येकी ५,००० डॉलर जमवावेत आणि त्यात एका व्यक्तीचे २५० डॉलरच मोजले जावेत, असा नियम झाला. लागोपाठ दोन प्रायमऱ्यांत १० टक्क्यांहून कमी मते पडली की हा निधी बंद होतो. सुरुवातीला विखुरलेला पाठिंबा पाहायचा आणि मतदान सुरू झाले की मतेच मोजायची, हा यातील विवेक आजवरच्या सर्व कसोट्यांत उजवा ठरावा. निधीला लागून खर्चाची मर्यादा येत असल्याने मोठे उमेदवार आता त्याकडे फिरकत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

खरा निवाडा होतो तो डिबेटच्या, म्हणजे उमेदवारांच्या दूरचित्रवाणीवरील जाहीर वादचर्चेच्या, व्यासपीठावर. ६ ऑगस्ट २०१५ रोजी क्लीव्हलंड येथे रिपब्लिकन पक्षाची पहिली डिबेट झाली तेव्हा सतरा उमेदवार रिंगणात होते, आणि फॉक्स न्यूजने पाच राष्ट्रीय जनमत चाचण्यांची सरासरी काढून वरच्या दहांना मुख्य कार्यक्रमात, तर उरलेल्या सात जणांना संध्याकाळी आधीच उरकलेल्या वेगळ्या कार्यक्रमात बसवले. टेक्सासचे गव्हर्नरपद चौदा वर्षे भूषवलेले रिक पेरी आणि लुइझियानाचे गव्हर्नर बॉबी जिंदाल दुसऱ्या पंगतीत गेले. पेरी सप्टेंबरमध्ये सर्वांआधी माघारी फिरले. काठावरचा दहावा क्रमांक मिळालेले जॉन केसिक मे २०१६ पर्यंत टिकून राहिले. चाचणीत काहीशे मतदारांशी बोलून काढलेल्या आकड्यात चार-पाच टक्के इकडेतिकडे होतातच. तिथे एक-दोन टक्क्यांच्या फरकावर दारात उभ्या माणसाला आत घ्यावे की बाहेर ठेवावे हे ठरवणे म्हणजे हातचलाखीला गणिताचा मुलामा देणे होय.

चाचणीचा दोष एवढ्यावर थांबत नाही. प्रायमरीच्या वर्षभर आधी मतदार ओळखीचे नाव सांगतो, ओळख प्रसिद्धीतून होते, आणि प्रसिद्धी मिळते चाचणीत वर असलेल्यांना. हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग २०१५ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, तेव्हा अनेक चाचण्यांत त्यांचे नाव विचारलेच जात नव्हते. नावच नसलेल्या यादीत एक टक्का मिळवण्याची अट पुरी होणे शक्य नव्हते, आणि नोव्हेंबरच्या आरंभी त्यांनी माघार घेतली. १९७६ मध्ये जवळजवळ अनोळखी म्हणून उतरून निवडून आलेले जिमी कार्टर आज असते तर तेही पहिल्या डिबेटच्या दारातच अडले असते, असे म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

हे जाणूनच डेमोक्रॅटिक पक्षाने २०१९ मध्ये देणगीदारांची जोड दिली. तीन चाचण्यांत एक टक्का, किंवा ६५,००० स्वतंत्र देणगीदार व त्यांत २० राज्यांतून प्रत्येकी किमान २०० जण, अशी पहिल्या डिबेटची अट होती. पुढे उंबरठा चढत गेला, ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आले, डिसेंबरपर्यंत देणगीदारांचा आकडा दोन लाखांवर पोचला. त्याच महिन्यात सिनेटर कोरी बुकर यांच्या पुढाकाराने नऊ उमेदवारांनी नियम सैल करण्याची केलेली विनंती पक्षाने फेटाळली. पण ३१ जानेवारी २०२० रोजी देणगीदारांची अटच उठवली गेली आणि देणग्या न घेता स्वतःच्या पैशाने लढणारे अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग लास व्हेगासच्या व्यासपीठावर आले. मार्चच्या आरंभी उमेदवार तुलसी गॅबर्ड यांनी अमेरिकन समोआत दोन डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारासाठी मत देणारे प्रतिनिधी, मिळवले. आधीच्या नियमाने एक डेलिगेटही पुरला असता, परंतु १५ मार्चच्या डिबेटसाठी वाटप झालेल्या डेलिगेटांपैकी २० टक्के हवेत, अशी नवी अट आली. सामना रंगात आल्यावर मैदानाच्या रेषा हलवणाऱ्या पंचावर कोणी विश्वास ठेवावा?

देणगीदार मोजण्याची कसोटीही निर्दोष नाही. २०२३ मध्ये नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलरचे गिफ्ट कार्ड देऊन रिपब्लिकन पक्षाची ४०,००० देणगीदारांची अट पुरी केली आणि ते मिलवॉकीच्या व्यासपीठावर पोचले. चाचणीतील स्थानही पैशाने वर चढते, हे मराठी वाचकांना मिशिगनमध्ये जवळून दिसले. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ च्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, तेव्हा राजकारणात त्यांना कोणी ओळखत नव्हते. स्वतःच्या खिशातून सुमारे एक कोटी डॉलर घालून केलेल्या जाहिरातींनी त्यांना आघाडीच्या उमेदवारांत नेऊन बसवले, मात्र मतमोजणीत ते सुमारे १८ टक्क्यांसह तिसरे आले. त्याच ठाणेदारांनी २०२२ मध्ये नऊ जणांच्या प्रायमरीत सुमारे २८ टक्के मतांवर विजय मिळवून काँग्रेस गाठली. गर्दीच्या प्रायमरीत एवढ्या मतांवर निकाल लागतो, म्हणूनच त्या गर्दीत कोणाला धरायचे याला इतके वजन येते.

व्यासपीठावर वीस माणसे उभी करून चर्चा होत नाही, हा आक्षेप खराच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ च्या अर्कान्सासच्या फोर्ब्स खटल्यात, विचारांमुळे नव्हे तर वाजवी व निःपक्ष कारणाने उमेदवाराला वगळण्याचा सार्वजनिक वाहिनीचा अधिकार मान्य केला. परंतु गर्दीवर उपाय दोन रात्री व चिठ्ठ्यांनी वाटणी हा आहे, आणि २०१९ मध्ये मायामीत तो अमलात आलाही. पहिल्या मतदानापूर्वी किती राज्यांच्या मतपत्रिकांवर नाव आले आणि किती राज्यांतून लहान देणग्या आल्या हे पाहावे, मतदानानंतर केवळ मते पाहावीत, राष्ट्रीय चाचण्यांना या कामातून रजा द्यावी, आणि हे सारे नियम वर्षभर आधी छापून मोसम संपेपर्यंत गोठवावेत. पक्षांना हे जड जाईल, कारण मधेच नियम बदलण्याची मोकळीक हेच त्यांचे हत्यार आहे.

अमेरिकेतील मराठी माणसाचा देणगीदारांच्या मोजणीशी संबंध दुरून पाहण्यापुरता नाही. एच-वन व्हिसावर असलेल्याला उमेदवाराला देणगी देण्याची कायद्याने बंदी आहे. ग्रीन कार्डधारकाला राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत मत देता येत नाही, पण देणगी देता येते, आणि उमेदवाराला प्रमुख ठरवणाऱ्या आकड्यात त्याचा एक डॉलर नागरिकाच्या डॉलरइतकाच धरला जातो.