तारखेला सोबत कोण?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे ऐकतच आपण सगळ्या लहानाच्या मोठ्या झालो. मला मात्र गेल्या काही वर्षांत ही पायरी पुष्कळदा चढावी लागली. स्वतःसाठी नव्हे, कुणाच्या ना कुणाच्या सोबतीला. आमच्या तालुक्याच्या कोर्टाचा व्हरांडा, तिथलं लाकडी बाकडं, आवारातला चहावाला, शिपायाचा पुकारा हे सगळं आता ओळखीचं झालंय. त्या ओळखीतूनच एक गोष्ट सांगायची आहे, कारण तीत थोडी चूक माझीही आहे.

आमच्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया करायला एक मुलगी यायची. मुलगीच म्हणायची, पंचविशीची. पदरात दोन लेकरं. माहेरून पैसे आण म्हणून नवरा आणि सासू मारहाण करायचे. एकदा मारात हात मोडला, तेव्हा तिने हिंमत करून पोलिसांत फिर्याद दिली. मी सोबत गेले होते. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, पंचनामा झाला, नवऱ्याला अटक झाली. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढे उभं केलं आणि काही दिवसांनी जामीन मिळाला. ती रडतच माझ्याकडे आली, ‘ताई, सुटला की हो तो!’ जामीन म्हणजे सुटका नव्हे, खटला तर अजून सुरूही झालेला नाही, हे मला तरी तेव्हा कुठे नीट ठाऊक होतं? दोघी मिळूनच शिकलो.

काय शिकलो ते आधी सांगते. फिर्याद नोंदवली की तिची प्रत आपल्याला फुकट मिळते, ती मागून घ्यायची. मग पोलीस तपास करतात, साक्षीदारांचे जबाब घेतात. जबाबासाठी बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे येऊन जबाब घ्यायचा असा कायदा आहे. तपास संपला की दोषारोपपत्र कोर्टात जातं. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे साधारणपणे तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात; खून, बलात्कार असे गंभीर खटले सत्र न्यायालयाकडे जातात. मग न्यायाधीश आरोपीला आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘नाही’. तिथून खरा खटला सुरू होतो. आधी फिर्यादीची आणि साक्षीदारांची साक्ष, त्यावर आरोपीच्या वकिलांची उलटतपासणी, मग आरोपीचं म्हणणं, दोन्हीकडचा युक्तिवाद आणि शेवटी निकाल.

आपल्यापैकी पुष्कळजणींना एक गोष्ट माहीत नसते. या खटल्याचं नाव ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ अमुक असं असतं. म्हणजे खटला सरकार चालवतं, वकील सरकारचा असतो, त्याची फी आपल्याला द्यायची नसते. पण त्यामुळेच एक गैरसमजही होतो. सरकार बघून घेईल, पोलिसांना सगळं सांगून झालंय, आता आपलं काम संपलं, असं बाईला वाटतं. तसं नाही. पोलिसांपुढे दिलेला जबाब हा कोर्टात पुरावा होत नाही. कोर्टात, न्यायाधीशांसमोर, शपथेवर आपण जे बोलू तोच पुरावा. सगळा खटला त्या तासाभरावर उभा असतो. आणि तो तास कधी येतो? दोन-तीन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा. तोवर हाताचं हाड जुळलेलं असतं आणि घरच्यांचा धीर सुटलेला असतो.

तिचंही तसंच झालं. पहिल्या तारखेला आरोपी हजर नव्हता. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या वेळी वकिलांनी मुदत मागितली. दर वेळी एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडालेली, धाकटं लेकरू कडेवर. तिन्ही वेळा मी सोबत होते. चौथ्या तारखेला माझ्या भाचीची हळद होती. ‘आजही पुढचीच तारीख पडेल गं, तू एकटी जाऊन ये,’ असं मी तिला फोनवर सांगितलं.

नेमका त्याच दिवशी तिच्या नावाचा पुकारा झाला.

सासरची आठ-दहा माणसं सकाळपासून व्हरांड्यात येऊन बसली होती. सासू, दीर, गावातले दोन पुढारी. कुणी धमकावलं नाही म्हणे. ‘पोरांना बाप नको का?’, ‘नांदवायला नेतो, शब्द देतो’, एवढंच चाललं होतं, तीन तास. तिच्या बाजूने बाकड्यावर कुणीच नव्हतं. भाऊसुद्धा आला नव्हता. आत गेल्यावर तिने सांगितलं, ‘जिन्यावरून पडले. मला कुणी मारलं नाही.’ सरकारी वकिलांनी ती फितूर झाल्याचं कोर्टाला सांगून तिलाच प्रश्न विचारले, पण ती मान खाली घालून तेच सांगत राहिली. निकाल लागला, निर्दोष सुटका.

मी रागावले होते. एवढी धावपळ केली, आणि हिने असं करावं? राग ओसरल्यावर तिला भेटले तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘ताई, तुम्ही असता तर मी बोलले असते.’ आता ती सासरी नांदते. पापडांना येत नाही. सासू पाठवत नाही, असं कळलं.

आपल्याकडे अशा बाईला सगळे नावं ठेवतात. ‘बायकाच खोट्या केसेस करतात आणि मग माघार घेतात’ हे तर पानाच्या टपरीवरही ऐकू येतं. खोट्या फिर्यादीही होतात, हे मी नाकारत नाही. गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानायचं, त्याच्या वकिलाने उलटतपासणी घ्यायची, हे योग्यच आहे. उद्या आपल्या मुलावर वेळ आली तर आपल्यालाही तेच हवं असेल. पण माघार घेणारी प्रत्येक बाई खोटी नसते. कित्येकजणी नुसत्या थकलेल्या असतात आणि एकट्या असतात.

कायद्याने काहीच केलेलं नाही असं नाही. 1983 साली छळाचं कलम 498अ आलं. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यात तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आहे. तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत फिर्यादीला कळवावं, असं नवा कायदा सांगतो. उठसूट तारखा देण्यावरही त्याने बंधन घातलं आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली. जिवाला धोका असेल तर त्याखाली अर्ज करता येतो. पण व्हरांड्यातल्या तीन तासांवर कलम कुठून आणणार? तिथे माणूसच लागतं.

म्हणून मैत्रिणींनो, माझं मागणं साधं आहे. आपल्या ओळखीत, शेजारात, कामवाल्या बाईच्या घरी कुणाची केस सुरू असेल तर तिला सल्ले देण्याआधी विचारा, ‘पुढची तारीख कधी आहे?’ ती तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहा, जशी गॅसची आणि दुधाच्या खाड्याची लिहितो तशी. भिशीच्या किंवा बचत गटाच्या बायकांनी पाळ्या लावून घ्याव्यात. एकीला नाही जमलं तर दुसरीने जावं. मी हळदीला जायला नको होतं असं नाही. माझ्याऐवजी कुणालातरी पाठवायला हवं होतं.

सोबत जाताना चार गोष्टी लक्षात ठेवा. केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर लिहून घ्या. त्यावरून पुढची तारीख मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या अॅपमध्येही बघता येते. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटून तिची फिर्याद तिला एकदा वाचून दाखवायची विनंती करा. तीन वर्षांत वार, वेळ विसरायला होते आणि उलटतपासणीत नेमकं तेच विचारतात. प्रश्न समजला नाही तर ‘समजला नाही’ म्हणावं, आठवत नसेल तर तसं सांगावं, अंदाजाने बोलू नये. साक्ष लिहून झाल्यावर ती वाचून दाखवतात; चुकीचं लिहिलं गेलं असेल तर तिथेच सांगायचं, मगच सही करायची. आपल्या तालुका कोर्टाची भाषा मराठी आहे, तेव्हा संकोचायचं कारण नाही.

आणखी एक. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिलेला आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज द्यायचा. 15100 या नंबरवरही चौकशी करता येते. असा वकील कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलांना मदत करू शकतो. आणि आरोपी सुटला तर त्या निकालावर पीडितेला स्वतः अपील करता येतं, तो हक्क 2009 च्या अखेरीपासून आहे. पण जिने कोर्टात ‘मला कुणी मारलं नाही’ असं सांगितलं, तिच्या अपिलात उरतं तरी काय?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची साक्ष झाली. आम्ही चौघी गेलो होतो. कोर्टात काही बोलायचं नव्हतंच, नुसतं बाकड्यावर बसायचं होतं. डबा नेला होता, पाण्याची बाटली नेली होती. उलटतपासणीत त्या दोनदा अडखळल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा बोलल्या. निकाल काय लागेल ते न्यायाधीश ठरवतील. पण त्या बोलल्या.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कुणावर ती चढायची वेळ आलीच, तर तिने ती एकटीने चढू नये, एवढं तरी आपण बघायला हवं.