उत्कोठाचे रुग्ण किती? आधी मोजू या

‘वैद्यराज, अंगावर पित्त उठले आहे,’ असे म्हणत येणारा रुग्ण आपणांपैकी कोणासही नवा नाही. आमसुलाचे पाणी अंगास चोळून झाल्यावरच तो चिकित्सालयाची पायरी चढतो. या अतिपरिचयामुळेच व्याधीच्या व्याप्तीचा विचार आपण क्वचित करतो, असे आम्हांस वाटते.

आयुष्यात एकदा तरी अशा गांधी उठण्याचा अनुभव सुमारे ५ जणांपैकी एकास येतो. बहुतेकांचा त्रास काही दिवसांत शमतो. ६ आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा त्रास मात्र जीर्ण गणला जातो. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांनुसार कोणत्याही एका वेळी १०० प्रौढांपैकी सुमारे एकास तो असतो. म्हणजे ५,००० प्रौढांच्या गावात जवळजवळ ५० रुग्ण. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट, आणि २० ते ४० या ऐन कर्त्या वयात अधिक आढळते. झोप मोडते, कामात लक्ष लागत नाही, आणि प्रत्येकाच्या सांगण्यावरून एकेक पदार्थ वर्ज्य करता करता ताट रिकामे होते. वास्तविक यांतील बहुसंख्य रुग्णांत बाह्य कारण सापडतच नाही.

माधवनिदानात शीतपित्तात वाताचे, उदर्दात कफाचे आधिक्य सांगितले असून, पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या सानुबंध कोठास उत्कोठ ही स्वतंत्र संज्ञा दिली आहे. अनुबंधाचे महत्त्व आचार्यांनी ओळखले होते. आपल्या रुग्णपत्रकांत मात्र सरसकट ‘शीतपित्त’ एवढाच शब्द उरतो.

याचा दोष आम्ही स्वतःकडेही घेतो. विरेचनानंतर ३ महिने गांधी न उठलेल्या एका रुग्णेस आम्ही ‘पूर्ण बरी’ असे नोंदविले. पुढील हिवाळ्यात ती पुन्हा दारात उभी राहिली. हा व्याधी अनेकांत कालांतराने आपणहून शमतो, काहींत वर्षानुवर्षे राहतो. मग हरिद्राखंडाचे व शोधनाचे श्रेय किती आणि काळाचे किती, हे नोंदीवाचून कसे सांगावे?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक रुग्णाचा व्याधिकाळ आठवड्यांत लिहावा. ओठ-पापण्यांची सूज व चालू असलेली औषधे नोंदवावीत. ती औषधे परस्पर बंद करवू नयेत. ७ दिवस रोज गांधींस ० ते ३ व कंडूस ० ते ३ गुण देऊन आठवड्याची बेरीज करावी. ती जास्तीत जास्त ४२ होते. चिकित्सेपूर्वी व नंतर हाच आकडा पाहावा. एखादी गांध २४ तासांहून अधिक टिकून ठणकत असेल व डाग ठेवीत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घेऊन तपासणी करवावी. जीभ वा घसा सुजल्यास, श्वास अडल्यास, क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे.

आपल्या चिकित्सेवर आमची श्रद्धा आहे. परंतु श्रद्धेस आकड्यांची जोड मिळाली, तरच ती रुग्णाच्या हिताची ठरेल.