एसटीचा नकाशा साध्या अक्षरांत का नको?

गेल्या महिन्यात उंब्रजच्या आत्याला सांगलीत दवाखान्यात यायचं होतं. कुणीतरी ग्रुपवर टाकलेला रंगीत नकाशा तिच्या फोनवर आधी उघडेना, आणि उघडला तर अक्षरं लागेनात. कोल्हापूरच्या गाडीत बसली, पेठ नाक्यावर उतरायचं हे माहीतच नाही. थेट कोल्हापूर! डॉक्टरांची वेळ गेली ती गेलीच.

त्याच रात्री मी तिला साधा मेसेज टाईप केला:

सातारा
|
उंब्रज -- पाटण
|
कराड -- विटा
|
पेठ नाका -- कोल्हापूर
|
इस्लामपूर -- ताकारी स्टेशन
|
आष्टा
|
सांगली

आत्या म्हणाली, "आता कळलं बघ. सांगलीची गाडी नसंल तर नाक्यावर उतरायचं."

बघा, प्रवाशाला किलोमीटर नि वळणं नको असतात. कशानंतर काय आणि गाडी कुठं बदलायची, एवढंच हवं असतं. लंडनच्या हॅरी बेकनं 1931 साली हेच ओळखलं. भुयारी रेल्वेचा नकाशा त्यानं सरळ रेघांत काढला, 1933 ला तो छापला गेला आणि जगभर तीच पद्धत रुजली. आपण फक्त रेघांच्या जागी टायपिंगची चिन्हं घ्यायची.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. देवनागरी अक्षरं सारख्या रुंदीची नसतात, त्यामुळं आडवा नकाशा मोबाईलवर विस्कटतो. म्हणून उभाच लिहायचा. एका ओळीत एक थांबा, फाटा त्याच ओळीत उजवीकडं. डोळ्यांनी अधू माणसाला फोन तो ओळीनं वाचूनही दाखवतो. मुंबईसारख्या जाळ्याला हे पुरणार नाही, मान्य. पण आपल्याकडं एक हमरस्ता आणि त्याला फाटे, एवढंच तर आहे.

आता 2019 आणि 2021 चा महापूर आठवा. सांगलीकडचे कित्येक रस्ते बंद. अशा वेळी चित्र नव्यानं कोण काढत बसणार? मजकुरात थांब्यापुढं "बंद" लिहिलं की झालं, आणि ते बटणाच्या फोनवरही पोचतं. इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं, तेही एका शब्दाचं काम. सातारा स्टेशन गावात नसून माहुलीला आहे, कराडचं ओगलेवाडीला, हेही परगावच्या माणसाला एका ओळीत सांगता येतं.

75 वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, चांगलंच आहे. पण कुठं उतरायचं तेच कळत नसंल तर त्या सवलतीचं करायचं काय? प्रत्येक आगारानं आपल्या मार्गांचे असे मेसेज करून गावोगावच्या ग्रुपवर टाकावेत. खर्च शून्य.

तोवर आपणच सुरुवात करू. आपापल्या गावचा फाटा खाली लिहा, मी जोडत जातो.