स्वातंत्र्याचा संपादक आणि नऊ तासांचा कट

शेतकरी व कारागीर बंधूंनो, कोणा वर्तमानपत्रवाल्याने समतेचा व स्वातंत्र्याचा मोठा घोष चालविला की आम्ही हल्ली एकच विचारतो : महाराज, आपल्या छापखान्यातील गड्यास किती तास राबावे लागते? ही खोड आम्हांस कॅनडा देशातील टोराँटो शहराच्या एका जुन्या हकिकतीवरून लागली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

त्या शहरात जॉर्ज ब्राउन नावाच्या गृहस्थाने १८४४ साली 'ग्लोब' पत्र काढले. गृहस्थ सुधारक पक्षाचा पुढारी. शेजारच्या अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध त्याने हयातभर लेखणी झिजविली. १८५१ साली टोराँटोत गुलामगिरीविरोधी मंडळी स्थापन झाली, तीत तो पुढे होता. हे पुण्य मोठेच, आणि आम्ही ते तसूभरही कमी करीत नाही. पण हा पुण्यवंत जे लिही, ते कागदावर उमटवी कोण?

खिळे जुळविणारे जुळारी. शिशाचा एकेक खिळा खणातून उचलायचा, उलटा वाचीत ओळीत बसवायचा, आणि छापून झाले की तोच खिळा पुन्हा आपापल्या खणात सोडायचा. सकाळच्या पत्राचे काम रात्री दिव्याखाली. कोंदट खोली, शिशाची धूळ. पुष्कळांच्या वाट्याला छातीचे दुखणे येई. शिवाय हा मजूर अक्षरशत्रू नव्हे. मालकाचा मजकूर त्याच्या डोळ्यांखालून मालकाच्या वाचकांआधी जाई. स्वातंत्र्यावरचा लेख पहिला वाचणारा तोच!

टोराँटोच्या जुळाऱ्यांचा संघ १८३२ पासूनचा, मध्यंतरी मोडून १८४४ साली पुन्हा उभा राहिलेला. १८७२ साली त्याने मागणी केली : दिवसाला नऊ तास काम, म्हणजे आठवड्याचे चोपन्न. मागणी आकाशातल्या चंद्राची नव्हती. पण ब्राउनसाहेब बिथरले. त्यांचे म्हणणे असे की मालक आणि मजूर हे दोघेही स्वतंत्र. एकाने दाम सांगावा, दुसऱ्यास पटला तर घ्यावा, मध्ये संघाचे लचांड कशाला? वाहवा! ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही तो आणि ज्याच्या मालकीचे यंत्र आहे तो, असे हे दोघे समान स्वतंत्र! सावकाराच्या ओटीवर अंगठा उठविणारा आमचा आजाही असाच स्वतंत्र होता.

२५ मार्च १८७२ रोजी जुळारी कामावरून उठले. तेव्हा संघाचा तिटकारा असणाऱ्या ब्राउनसाहेबांनी काय केले? छापखान्याच्या मालकांचा संघ बांधला! लहान गावांतून बदली माणसे आणली. १५ एप्रिलला सुमारे दोन हजार कामकरी वाजतगाजत निघाले. क्वीन्स पार्कपर्यंत जमाव दहा हजारांवर गेला. सारे शहर छपन्न हजारांचे, यावरून अंदाज करा. लगेच दुसऱ्या दिवशी संपाच्या पुढाऱ्यांवर फिर्याद होऊन धरपकड झाली. गुन्हा कोणता? कट केल्याचा. मजुरांनी एकजुटीने दाम वा तास मागणे हा जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणे व्यापाराविरुद्धचा कट ठरे. खुद्द इंग्लंडने तो कायदा १८७१ साली बदलला होता, कॅनडात तो तसाच पडून होता. गुलामांच्या कैवाऱ्याने नेमका तोच गंज चढलेला कोयता काढला. मालकांचा संघ तो व्यवहार, मजुरांचा संघ तो कट!

पुढचा भागही गमतीचा आहे. ब्राउनचा हाडवैरी जॉन मॅकडोनाल्ड तेव्हा मुख्य प्रधान होता. त्याने ही संधी साधून त्याच साली कामगार संघांना मान्यता देणारा कायदा करविला. कामकऱ्यांच्या कळवळ्याने केला असे आम्हांस वाटत नाही. वैऱ्याच्या घरास आग लागली की शेक घेणारे असतातच. त्याच वेळी दुसरा कायदा करून संपकऱ्यांनी कारखान्याच्या दारात पहारा करणे गुन्हा ठरविले. एका हाताने भाकर, दुसऱ्या हाताने ताट ओढले. संपात उतरलेल्या कित्येकांना काम मुकले, शहरही सोडावे लागले. पण नऊ तासांची गोष्ट देशभर झाली, ती काही मिटली नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, पत्राचा मालक म्हणजे असाच असायचा. मुळीच नाही. आपल्याच मुंबईत 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामकऱ्यांना जमवून रविवारची सुट्टी व दुपारी अर्धा तास विसावा मागितला. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार माणूस जमले आणि त्या जूनमध्ये रविवार मिळाला. तेच दहा हजार, तेच वर्तमानपत्र; फरक इतकाच की एका जागी संपादक जमावात उभा होता आणि दुसऱ्या जागी फिर्यादीत.

आमचा एक जुना विद्यार्थी, सुताराचा मुलगा, शहरात एका छापखान्यात बांधणीचे काम करतो. खिळे गेले, यंत्रे बदलली. दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, आमचे मालक माणुसकीवर फार छान पुस्तके काढतात. रात्री नऊनंतरच्या कामाचे पैसे मात्र विचारू नका म्हणतात." आम्ही त्यास विचारले, तुम्ही गडी किती? म्हणाला, चौदा. एकत्र बसून कधी बोललात काय? त्याने मान हलविली. म्हणून ही हकीकत लिहून त्याच्याकडे धाडीत आहो. चौदाही जणांनी वाचावी.