वजनकाटा खोटं बोलत नाही, पण..

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मागच्या आठवड्यात आला. बीएमआय २२.८, शेजारी हिरवा ठिपका. टीममधल्या जाडसर मित्राला "बघ, शीक जरा" असं सुनावून मी खुशाल वडापाव मागवला. घरी आल्यावर सहज गंमत म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप पोटाभोवती गुंडाळली. ९४ सेंटिमीटर! आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० आहे, बायकांसाठी ८०.

गंमत तिथेच संपली, कारण बाबा असेच होते. हातपाय काडीसारखे आणि पुढे छोटीशी ढेरी. 'सुखवस्तू पोट' म्हणून सगळे हसायचे. बावन्नाव्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली.

पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

शिवाय चरबी किती, यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. कातडीखालची चिमटीत येते, ती त्यामानाने गरीब. आतड्यांभोवतीची मात्र बॅकग्राउंडला चालणाऱ्या प्रोसेससारखी, दिसत नाही पण सतत काहीतरी करत असते. तिच्यातली फॅटी अ‍ॅसिड्स थेट लिव्हरमध्ये पोचतात. मग रक्तात ट्रायग्लिसराइड्स वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, इन्सुलिनचं काम बिघडतं. वर ही चरबी सूज वाढवणारी रसायनंही सोडते. रक्तवाहिन्यांत थर साचायला आणखी काय हवं?

माझं म्हणणं साधं आहे. रिपोर्टवर बीएमआय छापता, तर कमरेचं मापही छापा की राव! हजारो रुपयांच्या पॅकेजमध्ये एक टेप बसत नाही? नुसता हिरवा ठिपका बघून माझ्यासारखे बारीक लोक निर्धास्त होतात, आणि धोका तर त्यांनाही आहे.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे ही आतली चरबी नियमित व्यायामाने घटते, कधीकधी वजनकाटा फारसा हललेला नसतानाही. त्यामुळे सोमवारपासून.. छे, आजपासूनच भरभर चालणं सुरू :)

तुम्हीही टेप शोधा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचं. पोट आत ओढायचं नाही!